खुंटीवरचा नारळ

औरंगाबादच्या क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडे निघालं की एका बोळात कय्युमभाईंचं गॅरेज आहे. पाटी नाही. ज्याच्याकडे फियाट होती त्याला पत्ता ठाऊक होता, आणि ज्याच्याकडे नव्हती त्याला ठाऊक असूनही उपयोग नव्हता, कारण कय्युमभाई दुसऱ्या गाडीला हात लावत नसत. कोणी ॲम्बॅसडर घेऊन आला की ते पान्यानेच पलीकडच्या गॅरेजकडे खूण करायचे आणि पुन्हा बोनेटखाली डोकं घालायचे.

मला लिहायची सवय नाही. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली, तिथे अक्षरांपेक्षा रेघा जास्त. पण कय्युमभाईंबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं आणि दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही. त्यांना विचारूनच लिहितो आहे. ते म्हणाले, "लिहा. पण लासूरचं आधी लिहा, नायतर पुन्हा लपवाल." लासूरचं आधी लिहून भागणार नाही, थोडं मागून यावं लागेल. पण लपवणार नाही.

त्यांचा जन्म पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला झाला. महिना त्यांना सांगता येत नाही. त्यांचे मामा मोहियोद्दीन हे एका जागीरदाराकडे ड्रायव्हर होते. जागीरदाराने हौसेने एक इटालियन गाडी घेतली होती, इतकी लहान की मागे दोन माणसं बसली तर तिसऱ्याने पायी यावं. पुढे जागीर गेली, घोडे गेले, जागीरदार हैदराबादला मुलीकडे राहायला गेले आणि ती गाडी कोणालाच नको म्हणून मामूंच्या अंगणात राहिली. कय्युमभाई त्या गाडीखाली लोळत मोठे झाले. मुळाक्षरांच्या आधी त्यांना कार्बुरेटर उघडता येत होता, असं त्यांची आई सांगायची. पुढे आपल्याकडे इटालियन बनावटीच्या फियाट सगळीकडे दिसू लागल्या तेव्हा त्यांना वेगळं काही शिकावं लागलं नाही.

"इटालियन गाडी लहान असते, पण मानी असते," ते म्हणायचे. "तिला विचारून हात लावायला लागतो."

त्या काळात शहरात जुनी फियाट घ्यायची म्हटलं की लोक कय्युमभाईंना सोबत नेत. त्यांची रीत ठरलेली होती. गाडीभोवती एक चक्कर मारायची. मग बोनेटवर तळहात ठेवायचा. बोनेट गरम असेल तर मालकाने गाडी आधीच चालवून तापवून ठेवली आहे, म्हणजे थंड असताना ती सुरू व्हायला कुरकुरते. मग तेलाचं झाकण उलटं करून बघायचं, सायलेन्सरला पांढरा रुमाल धरायचा, चारही दारं एकेकदा लावून कान द्यायचा. शेवटी दोहोंपैकी एक बोलायचं. गाडी चांगली असेल तर, "घ्या." नसेल तर, "चहा घेऊ." विकणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत म्हणून ही सोय. घेणारा समजून जायचा आणि दोघे चहाला निघायचे.

त्यांचं "घ्या" कधी खोटं ठरलं नव्हतं. वकील, डॉक्टर, पैठणचे साडीवाले, सगळे त्या एका शब्दावर गाड्या घेत.

मी माझी गाडी एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात घेतली. फिकट आकाशी रंगाची, अकरा वर्षं वापरलेली. कय्युमभाईंनी रुमाल धरला, दारं लावली आणि म्हणाले, "काकासाहेब, घ्या."  मग त्यांनी गाडीत बसवून मला एकेक वस्तू दाखवली. मी तोपर्यंत खात्याची जीप तेवढी चालवलेली, तीही ड्रायव्हरने सुरू करून दिलेली. बोळात बँडवाले चालले होते, त्यांच्या वाजवण्यात निम्मं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायची मला लाज वाटली. मी मान डोलावत राहिलो. ही माझी जुनी खोड आहे.

पुढच्याच रविवारी आईला घेऊन लासूर स्टेशनला निघालो. माझी धाकटी बहीण साळू तिथे दिलेली, तिला सातवा महिना होता आणि तिची ओटी भरायची होती. आईने कापडी पिशवी भरली होती. त्यात नारळ, सव्वा शेर गहू, खण आणि निघताना ऐनवेळी आठवलेली गुळाची ढेप. गाडीत बसल्यावर मी ती पिशवी तिच्या पायाशी ठेवली.

"अरं, ओटीचा नारळ पायाशी ठिवतेत व्हय?" आई ओरडली. "वर टांग कुठंतरी."

"मांडीवर घे ना."

"मांडीवर घेऊन का लासूरपस्तोर बसू? ती बघ, खुंटी हाय की."

आणि खरंच खुंटी होती. स्टेअरिंगच्या बाजूला, खालच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी काळी खुंटी. ती कशाची ते मला ठाऊक नव्हतं. पिशवीचे बंद तिच्यावर छान बसले. मला वाटलं, इटालियन लोकांनीही सोय केली आहे बघा.

दौलताबाद मागे टाकल्यावर गाडी जड वाटू लागली. मग पेट्रोलचा वास यायला लागला. आईने पदर नाकाला लावला. मागून काळा धूर निघत होता, एका ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून मला काहीतरी शिकवलं. लासूरला त्या दिवशी बाजार होता. ऐन बाजारात, कांद्याच्या गाड्यांच्या मधोमध, गाडी दोनदा खोकली आणि थांबली. पुन्हा सुरू होईना. लोक जमले. 

आई म्हणाली, "तू बघ तुझं. मुहूर्त टळतोय," आणि पिशवी हिसकून चालू लागली. हिसक्याने खुंटी आणखीच बाहेर आली. मला वाटलं, मोडली. कोणी बघायच्या आत मी ती अंगठ्याने दाबून होती तशी बसवली.

दुसऱ्या दिवशी कय्युमभाई आगगाडीने लासूरला आले. त्यांनी प्लग काढले. चारही काजळी धरलेले. ते हातात धरून त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "काकासाहेब, चोक ओढून ठेवला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

मी खोटं बोललो नव्हतो. चोक म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. गाडी घेतल्यापासून कडक उन्हाळा, चावी फिरवली की ती सुरू होत होती.

त्यांनी प्लग पॉलिश पेपरने घासले आणि गाडी लगेच सुरू झाली. तिथेच त्यांचा चेहरा पडला. दोष सापडला असता तर बरं झालं असतं, सापडला नाही हेच त्यांना लागलं. औरंगाबादला आल्यावर त्यांनी कार्बुरेटर तीनदा उघडला. पेट्रोलची नळी बदलली. आठ दिवस गाडी स्वतः फिरवली. काही नाही. शेवटी म्हणाले, "ऐब आहे गाडीत. मला दिसला नाही. माझी नजरच कच्ची."

चौकात बन्सीचं चहाचं दुकान होतं. बन्सीची जीभ तिखट. कय्युमभाई दिसले की तो मोठ्याने म्हणायचा, "या मिस्त्री! तुम्ही घ्या म्हन्ला अन् गाडीनं भर बाजारात साहेबाला नारळ दिला!" नोकरीवरून काढतात तेव्हा हातात नारळ देतात, त्या अर्थाने तो बोलायचा. बाकांवरचे लोक हसायचे. मीही तिथे बसलेला असायचो. नारळ म्हटलं की मला काहीतरी टोचायचं, पण काय ते कळत नव्हतं.

एक दिवस कय्युमभाई कप खाली ठेवून म्हणाले, "बन्सी, आजपासून ते बंद. घ्या पण नाही आणि चहा घेऊ पण नाही. मी नुसती गाडी दाखवीन. पुढं ज्याचं त्याचं नशीब."

लोकांना वाटलं, चार दिवसांचा राग आहे.

डिसेंबरात थंडी पडली. एका सकाळी माझी गाडी सुरू होईना. कय्युमभाई सायकलवर आले, खिडकीतून आत वाकले आणि म्हणाले, "चोक ओढा की, काकासाहेब." मी काय ओढायचं ते शोधत होतो. तेव्हा त्यांनी स्वतःच हात आत घातला आणि ती खुंटी ओढली. थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून चोक ओढतात, आणि तो तसाच ओढलेला राहिला तर काळा धूर होतो, प्लग काजळतात, हे त्यांनी ओढता ओढता सांगितलं. गाडी सुरू झाली.

त्या क्षणी मला पिशवी दिसली, ढेप दिसली, काळा धूर दिसला, सगळं दिसलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण ते सायकलवर बसून निघाले होते. मग उद्या सांगू असं झालं. मग ईद झाल्यावर, मग मार्चअखेर झाल्यावर. जितके दिवस जातात तितकं सांगणं अवघड होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फक्त हिच्याजवळ, मनकर्णाबाईजवळ बोललो. ती म्हणाली, "सांगून टाका." पुढची कित्येक वर्षं ती अधूनमधून तेवढंच म्हणत राहिली.

कय्युमभाईंनी शब्द पाळला. लोक गाडी दाखवायला नेत, ते सगळं बघत आणि म्हणत, "इंजिन बरं आहे. उजवं दार नीट बसत नाही. पुढं तुमचं नशीब." लोक विचारत, "पण मिस्त्री, घेऊ का?" त्यावर ते हात पुसत. हळूहळू त्यांना न्यायचं लोकांनी कमी केलं. मुलीच्या, फहमिदाच्या लग्नातसुद्धा त्यांनी मुलाकडचं सगळं बघितलं आणि बायकोला म्हणाले, "हो-नाही तू सांग." हे ऐकून मला दोन रात्री झोप लागली नव्हती.

मी निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. फियाट कमी होत गेल्या. माझी आकाशी गाडी मात्र अजून होती आणि आम्ही दोघे तिच्यात काहीतरी करत बसायचो.

आता दोन हजार चौदाचा सप्टेंबर. त्यांचा धाकटा मुलगा, राहत नाव त्याचं, इथे इंजिनिअर होऊन पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत ओहायो राज्यात गेला होता. शिक्षण संपलं होतं. तिथला नियम असा की ठरावीक दिवसांत नोकरी लागली नाही तर परत यायचं. राहतचे दिवस संपत आले होते आणि शेवटच्या आठवड्यात त्याला एका कारखान्यात नोकरी मिळाली. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं. कारखाना पस्तीस मैल लांब आणि तिकडे बस जात नाही.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला गॅरेजमध्ये फोन वाजला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. फोनवर राहतचा चेहरा दिसत होता आणि त्याच्यामागे एक पांढरी, गोलमटोल, लहानशी गाडी.

"अब्बा, देखो! फियाट!"

कय्युमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाला लावला. "अरे, ये तो मामू की गाडी की पोती दिखती!"

खरंच दिसत होती. त्या जागीरदाराच्या गाडीची नात. राहतने सांगितलं की तिकडे लोकांना मोठमोठ्या गाड्या लागतात, ही त्यांना खेळण्यासारखी वाटते, म्हणून दोन वर्षं वापरलेली गाडी त्याच्या आवाक्यात आली होती. एक म्हातारी बाई विकत होती. दहा वाजता दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं. राहतजवळ होतं तेवढं सगळं हिच्यात जाणार होतं. ही गाडी बिघडली तर दुसरी नाही, आणि दुसरी नाही म्हणजे नोकरी नाही.

"बोनेट पे हात रख," कय्युमभाई म्हणाले. "गरम है?"

"थंडी है अब्बा. बुढ्ढी अम्मा ने चावी भी मेरेकूच दी."

"स्टेअरिंग उल्टी तरफ कायकू है रे?"

"यहां सबच उल्टी तरफ है अब्बा."

मग तेलाचं झाकण झालं, रुमाल झाला. चारच्या ऐवजी दोनच दारं होती, ती दोनदोनदा लावून झाली. कय्युमभाई फोन कानाला लावून ऐकत होते. मी त्यांना इतकं खूश कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"इंजिन अच्छा है," ते म्हणाले. "झाकण साफ. धुआं नहीं."

"तो अब्बा, लेऊं? या चाय पिऊं?"

घरात सगळ्यांना ती भाषा माहीत होती. कय्युमभाईंचा चेहरा बदलला. त्यांनी फोन थोडा लांब धरला.

"मैंने बता दिया ना बेटा. आगे तेरा नसीब."

"अब्बा, नसीब का नक्को बोलो. मेरे पास दस बजे तक टैम है. तुम हौ बोले तो लेतूं. नहीं बोले तो नहीं लेतूं, घर आ जातूं."

"मेरी नजर कच्ची है रे. लासूर का मालूम है ना तेरेकू?"

"मैं पैदा भी नहीं हुआ था अब्बा!"

"बाद में कर फोन," म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि स्टुलावर बसले.  मला म्हणाले, "मी हो म्हणायचं आणि बर्फात गाडी बंद पडायची. पोरगं वाऱ्यावर. मी कसं म्हणू, काकासाहेब? एकदा ऐब दिसला नाही, पुन्हा दिसंल कशावरून?"

 मी म्हणालो, "कय्युमभाई, लासूरला गाडीत ऐब नव्हता."

"राहू द्या हो. समजूत नका घालू."

"समजूत नाही. ती चोकची... मी तिला खुंटी समजत होतो."

"कसली खुंटी?"

मी सांगितलं. साळूची ओटी, पायाशी न ठेवायचा नारळ, पिशवीचे बंद, बाहेर आलेली खुंटी, आणि ती अंगठ्याने आत दाबणं. सलग सांगता येत नव्हतं. मध्येच मी गव्हाचं वजन सांगत होतो.

"पण मी तुम्हाला चोक दाखवला होता," ते सावकाश म्हणाले.

"दाखवला होता. बँड वाजत होता. मला ऐकू आलं नाही. मी मान डोलावली."

"आणि हे कळलं केव्हा तुम्हाला?"

अलीकडेच कळलं, असं म्हणता आलं असतं. मला ते सुचलंही होतं.

"त्याच डिसेंबरात," मी म्हणालो.

ते उठले, नळाशी गेले आणि साबणाने हात धुऊ लागले. हात स्वच्छच होते. बराच वेळ धूत होते. मी छत्री हातात घेतली. म्हटलं, आता आपण जावं, उद्यापासून येऊ नये.

"पस्तीस बरस, काकासाहेब," त्यांनी पाठमोऱ्याच म्हटलं.

"हो."

"नारळ सोललेला होता की शेंडीसकट?"

"सोललेला. पण गुळाची ढेप होती."

"ढेप पण!" ते वळले. त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं होतं ते मला आधी कळेना. "प्लग काळे होते. मी पहिल्यांदा काय विचारलं होतं? सांगा, काय विचारलं होतं?"

"चोक ओढून ठेवला होता का, असं."

"पहिल्यांदा तेच विचारलं होतं ना मी? दुसरं काही विचारायच्या आधी?"

"आधी तेच."

"मग मी बरोबर होतो!" ते स्टुलावर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "या अल्ला! मी बरोबर होतो. तीनदा कार्बुरेटर उघडला, आणि ऐब म्हातारीच्या पिशवीत! अहो, तेव्हा सांगितलं असतं तर मी तुम्हाला अशा शिव्या दिल्या असत्या! आता एक आठवत नाही."

"आठवा सावकाश," मी म्हणालो. "मी ऐकून घेतो."

"बसा. छत्री ठेवा ती खाली."

त्यांनी स्वतःच फोन लावला. राहतने पहिल्याच घंटेला उचलला.

"राहत, ले ले."

राहतने फोन तोंडाशी आणला.

"सुना क्या? चाय नक्को. गाडी ले. उसमें ऐब नहीं है, तेरा बाप बोल रहा है. और सुन, उसमें कुच लटकाना नक्को."

"क्या लटकाना?"

"कुच बी. नारियल तो बिलकुलच नक्को."

"अब्बा, तबीयत ठीक है ना तुम्हारी? यहां नारियल कौन लटकाता?"

"ये काकासाहेबां कू पूछ," म्हणून त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. मी फक्त मान डोलावली.

सोमवारी मी दुपारपासूनच गॅरेजमध्ये होतो. तिकडच्या आठाला आपल्याकडे साडेपाच. पाच वाजल्यापासून कय्युमभाई एकच नट फिरवत होते. त्यातच आप्पासाहेब नावाचे एक निवृत्त हेडमास्तर एक जुनी प्रीमियर, म्हणजे नाव बदललेली फियाटच, दाखवायला घेऊन आले. विकणाराही सोबत होता. कय्युमभाईंनी चक्कर मारली, झाकण बघितलं, रुमाल धरला. मध्येच फोन टुणकन वाजला. त्यांना तेलकट हाताने तो उघडता येईना, म्हणून मी उघडून वाचला. राहतने लिहिलं होतं, "पहुंच गया. बीस मिनट पैले. गाडी मस्त. मामू कू बोलो."

मामूंना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. पोरगं आनंदात होतं, एवढाच त्याचा अर्थ. कय्युमभाईंनी माझ्या हातून फोन घेऊन ते पुन्हा वाचलं, फोन खिशात ठेवला आणि खिशावरून एकदा हात फिरवला.

आप्पासाहेब वाट बघत उभे होते. त्यांना सवयीने ठाऊक होतं की आता दाराचं नाहीतर पत्र्याचं काहीतरी ऐकायला मिळणार आणि शेवटी नशीब.

कय्युमभाई म्हणाले, "घ्या."

"हो, घेऊ की," आप्पासाहेब म्हणाले. "बन्सीकडेच जाऊ. मी पाजतो आज चहा."

"चहा नाही हो, मास्तर," कय्युमभाई म्हणाले. "गाडी. गाडी घ्या."

आप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, आपण नीट ऐकलं ना, या अर्थाने. यावेळी बोळात बँड नव्हता. मी म्हणालो, "घ्या म्हणाले ते. मी ऐकलं."